पेशीचे पहारेकरी

विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट १९५१ सालची आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराजवळ हेन्रिएटा लॅक्स नावाची एक स्त्री राहत होती. ती पाच मुलांची आई होती. तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या गाठीचा एक लहानसा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवण्यात आला. त्यासाठी तिची परवानगी मात्र कोणी विचारली नाही. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, ती वारली.

तिच्या पेशी मात्र मेल्या नाहीत. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा त्या वाढतच राहिल्या. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या आजही वाढत आहेत. त्यांना 'हेला' पेशी म्हणतात. त्या थांबत का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर मिळायला अनेक वर्षे लागली.

ते उत्तर समजून घेण्यासाठी आधी निरोगी पेशीकडे पाहू. उर्दूत जिला तुम्ही 'खलिया' म्हणता, तीच ही पेशी. जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुके असतात. जनुके म्हणजे जणू पाककृतींचे जाडजूड पुस्तकच! आई रोज सगळ्या पाककृती करत नाही. हवे तेच पान उघडते. पेशीही तसेच करते. कोणते पान उघडायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, हे काही खास प्रथिने ठरवतात.

त्यांतील दोन प्रथिने आपले पहारेकरी आहेत. पहिल्याचे नाव 'आरबी'. पेशीने दुप्पट होण्याची पाने उघडणारे एक प्रथिन असते. गरज नसताना आरबी त्याला घट्ट धरून ठेवतो. दुसऱ्याचे नाव 'पी-५३'. जनुकांना इजा झाली, की तो पेशीला थांबवणारी पाने उघडतो. दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर तो पेशीला मरण पत्करायला लावतो. एक बिघडलेली पेशी गेली, तरी सारे शरीर वाचते.

आता विषाणूकडे वळू. विषाणूजवळ स्वतःचा कारखाना नसतो. आपली संख्या वाढवण्यासाठी त्याला आपल्या पेशीची यंत्रे चालू लागतात. पण पहारेकरी जागे असताना ती यंत्रे चालू कशी होणार? म्हणून मानवी पॅपिलोमा विषाणूच्या काही घातक जाती दोन प्रथिने बनवतात. 'ई-७' हे प्रथिन आरबीला जाऊन चिकटते. आरबीच्या हातून धरलेले प्रथिन सुटते आणि मिटलेली पाने उघडतात. 'ई-६' तर याहून धूर्त! ते आपल्याच पेशीतील एका प्रथिनाला हाताशी धरते आणि पी-५३ वर 'टाकाऊ' अशी खूण करवते. मग पेशीच आपल्या पहारेकऱ्याला मोडीत काढते.

बहुतेकांच्या शरीरात हा विषाणू एकदोन वर्षांत नाहीसा होतो. पण काहींच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो. पहारा नसल्यामुळे बिघाड साठत जातात आणि अनेक वर्षांनी त्यांतून कर्करोग होतो.

जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउजेन यांनी या विषाणूचा माग काढला. सुरुवातीला अनेकांना त्यांचे म्हणणे पटले नाही. पण १९८३ आणि १९८४ मध्ये त्यांच्या गटाने या रोगाच्या गाठींत विषाणूच्या दोन जाती शोधून काढल्या. त्यांपैकी १८ क्रमांकाची जात हेला पेशींतही सापडली! २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

२००० साली आणखी एक नवल दिसले. शास्त्रज्ञांनी हेला पेशींतील ई-६ आणि ई-७ बनणे बंद पाडले. त्याबरोबर आरबी आणि पी-५३ पुन्हा कामाला लागले आणि पेशींची वाढ थांबली. जवळजवळ पन्नास वर्षे थांबवले गेलेले पहारेकरी अजून कामाचे होते.

पण शत्रूला दाराबाहेरच अडवणे अधिक शहाणपणाचे. त्यासाठी २००६ पासून लस उपलब्ध आहे. तिच्यात विषाणूचे फक्त बाहेरचे रिकामे कवच असते. ई-६ व ई-७ बनवणारी जनुके नसतात. त्यामुळे लसीने हा रोग होऊ शकत नाही. शरीर ते कवच ओळखायला शिकते आणि पुढे खरा विषाणू आला, तर त्याला अडवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या लसीला २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळाली. ९ ते १४ वर्षे हे लस घेण्याचे उत्तम वय मानतात. आधीच झालेला संसर्ग मात्र लसीने बरा होत नाही. म्हणून मोठ्या स्त्रियांनी वेळोवेळी तपासणी करून घ्यावी.

मित्रांनो, हेन्रिएटाच्या काळी ही लस नव्हती. तुमच्या काळी आहे. आज घरी गेल्यावर आईला, बहिणीला ही गोष्ट अवश्य सांगा.

स्वाध्याय

१. हेला पेशी कोणाच्या शरीरातून घेतल्या होत्या?
२. 'आरबी' आणि 'पी-५३' यांना पहारेकरी का म्हटले आहे?
३. वाक्यात उपयोग करा : हाताशी धरणे, मोडीत काढणे, ठाण मांडणे.