फुकेतला निघालेल्या भाच्यास

वेंगुर्ले

चि. ओंकार,

काल ताईचा फोन आला. तुझी नोकरी कायम झाली आणि त्या आनंदात तुम्ही चौघे मित्र जुलैअखेर थायलंडमधल्या फुकेतला निघालात, हे ऐकून बरं वाटलं. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "ही मुलं तिकडे काय पितील आणि कुठे पडतील, देव जाणे. तू त्याला दोन शब्द सांग." फोनवर घाईत सांगण्यापेक्षा लिहूनच पाठवतो. गोव्याच्या किनाऱ्यावरची हॉटेलं, मग मालदीवचं एक रिसॉर्ट आणि शेवटी फुकेत, असं बारच्या काउंटरमागे उभं राहून मी माझा संसार केला. पिणाऱ्यांसमोर रात्रभर शुद्धीवर राहायचं, हेच माझं काम होतं. तू पिऊ नकोस, असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. तू जाणता आहेस. न पिण्याचं ठरवलंस तर मला आनंद आहे. प्यायचं ठरवलंस, तर परक्या किनाऱ्यावर कसं वागावं ते मात्र ऐक.

आधी आपल्या घरचं सांगतो. महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याप्रमाणे दारू प्यायला परवाना लागतो. बिअर-वाइनसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५. म्हणजे आज तेविसाव्या वर्षी तुला इथे रमचा एक पेगही कायद्याने मिळत नाही. पण परवाना कोणी विचारत नाही, वय कोणी बघत नाही, त्यामुळे नियम कागदावरच असतात अशी आपली समजूत होते. ती समजूत सामानाबरोबर परदेशी नेऊ नकोस. थायलंडमध्ये वयाची अट २० आहे. तू त्यात बसतोस, तरी पासपोर्टची प्रत खिशात असू दे. मागितली तर हसतमुखाने दाखव. मागणारा त्याची नोकरी सांभाळत असतो.

एवढी वर्षं काउंटरमागे राहून एक गोष्ट मला पक्की कळली. दारूच्या प्रत्येक नियमामागे कोणीतरी माणूस असतो. पिणारा बिल स्वतःच्या पैशाने भरतो, पण त्याची शुद्ध गेली की त्याचा भार दुसऱ्यांवर पडतो. वेटरवर, जीवरक्षकावर, झाडूवालीवर, मित्रावर आणि घरी जाग्या असलेल्या आईवर. हा माणूस एकदा दिसला की नियम पाठ करावे लागत नाहीत.

वेळेचा नियम घे. थायलंडमध्ये १९७२ पासून दुपारी २ ते ५ दारूविक्री बंद असायची. डिसेंबर २०२५ मध्ये ही बंदी प्रायोगिक म्हणून काही महिन्यांसाठी उठवली. त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबरमध्ये सुधारित कायदा लागू झाला. त्यात बंद वेळेत किंवा बंदी असलेल्या जागी पिणाऱ्यालाही मोठ्या दंडाची सोय आहे. पूर्वी सगळा बोजा विकणाऱ्यावर होता, आता तो पिणाऱ्याच्या टेबलावरही आला. असे नियम बदलत राहतात. म्हणून इंटरनेटवरच्या जुन्या माहितीवर विसंबू नकोस. पोचलास की हॉटेलच्या काउंटरवर विचार, "आज किती वाजेपर्यंत मिळेल आणि कुठे चालत नाही?" देऊळ, इस्पितळ, शाळा, सरकारी कचेरी, पेट्रोल पंप आणि सार्वजनिक बाग इथे दारू चालत नाही, एवढं आधीच लक्षात ठेव. वेळ संपल्यावर "एकच दे रे" म्हणून पोऱ्याच्या मागे लागू नकोस. तुझ्या एका बाटलीपायी त्याच्या मालकाचा परवाना जाऊ शकतो आणि त्याची नोकरी तर जातेच.

तुम्ही जुलैअखेर जाताय, म्हणून सणाचंही सांगतो. आपल्याकडे आषाढातली पौर्णिमा म्हणजे गुरुपौर्णिमा. भगवान बुद्धांनी सारनाथला पहिला उपदेश केला तो याच पौर्णिमेला, म्हणून थायलंडमध्ये त्या दिवशी मोठा सण असतो. दुसऱ्या दिवसापासून भिक्खूंचा तीन महिन्यांचा वर्षावास सुरू होतो. आपल्याकडच्या बौद्ध घरांत वर्षावास पाळतात, तोच हा. आपल्याकडे श्रावण धरतात तशी तिकडे कित्येक माणसं हे तीन महिने दारू सोडतात. दारू ओतणं हेच ज्याचं काम, तो माझ्या हाताखालचा एक बारमनही वर्षावासात स्वतः थेंब घेत नसे. अशा सणांना दारूविक्रीवर बंदी असते. २०२५ पासून हॉटेलं, विमानतळ आणि करमणुकीच्या ठिकाणांना त्यातून सूट आहे, पण दुकानात मागायला जाऊ नकोस. हॉटेलात मिळाली तरी त्या दिवशी रस्त्यावर बाटली हातात घेऊन फिरू नकोस. निवडणूक असेल तर आदल्या संध्याकाळी सहापासून मतदानाच्या संध्याकाळी सहापर्यंत विक्री बंद असते, हेही माहीत असू दे.

फुकेतच्या पातोंगला बांग्ला रोडवर पहाटेपर्यंत गाणी वाजतात. उजाडताना त्याच भागात भिक्खू अनवाणी, हातात भिक्षापात्र घेऊन येतात. रात्रपाळी संपलेल्या बारमधल्या बायका फुटपाथवर गुडघे टेकून त्यांच्या पात्रात भाताच्या पिशव्या ठेवतात. अशा वेळी लडखडत हॉटेलवर परतणारी पोरं मोबाइल काढून मोठ्याने हसताना मी पाहिली आहेत. तू त्यांच्यात असू नकोस. बाजूला हो, आवाज खाली घे आणि पुढे जा. स्त्रियांनी भिक्खूला स्पर्श करायचा नसतो. कोणाच्या डोक्याला हात लावू नये, खुर्चीवर पाय ठेवून ते समोरच्याकडे करू नयेत. आणि दारूत जीभ सैल सुटते म्हणून आणखी एक सांगतो. तिकडच्या राजाबद्दल चकार शब्द काढू नकोस. राजाच्या अवमानाला तीन ते पंधरा वर्षांचा तुरुंगवास आहे. नोटेवर राजाचं चित्र असतं, ती वाऱ्याने उडाली तरी पायाने दाबायची नाही.

किनाऱ्याचे नियम वेगळे. वाळूत काचेची बाटली नेऊ नकोस. फुटलेली काच वाळूत गेली की दिसत नाही आणि ती सापडते ती कोणाच्या तरी तळव्याला. सकाळी किनारा झाडणाऱ्या बायकांचे कापलेले हात मी गोव्यात पाहिले. गोव्याने २०१९ मध्ये किनाऱ्यावर उघड्यावर पिणं, स्वयंपाक करणं आणि बाटल्या फोडणं दंडपात्र केलं. तेव्हा एकट्याला दोन हजार आणि टोळक्याला दहा हजार रुपये दंड होता. फुकेतच्या किनाऱ्यांवर सिगारेटचंही तसंच आहे. ठरवून दिलेल्या जागेबाहेर ओढलीस तर एक लाख बाटपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. तुझ्या मित्रांपैकी कोणी वेप वापरत असेल तर ते घरीच ठेवायला सांग, तिकडे त्यावर बंदीच आहे. आणि वाळूवरून उठून दुकानात, हॉटेलात शिरताना अंगात शर्ट हवा. उघड्या अंगाने जेवायला बसणं त्यांना आवडत नाही. ते बोलून दाखवणार नाहीत, पण मनात नोंद करतील.

आता समुद्र. हा भाग दोनदा वाच आणि मित्रांनाही दाखव. मे ते ऑक्टोबर फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी लाटा येतात. पातोंग, करोन, काता हे सगळे किनारे त्याच बाजूला आहेत. लाल बावटा लावला असेल तर पाण्यात जायचं नाही, गुडघाभरही नाही. तू कोकणातला आहेस, पाण्याची ओढ म्हणजे काय हे तुला शिकवायला नको. वरून पाणी शांत दिसतं आणि खालून माणसाला आत नेतं. ओढीत सापडलास तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नकोस. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला हो आणि मग बाहेर ये. पण दोन पेग पोटात असताना हे सुचत नाही. दम लवकर लागतो, धाडस मात्र वाढतं. म्हणून क्रम ठरवून घे. पोहणं आधी, पिणं नंतर. एकदा पेला हातात आला की त्या दिवशी समुद्र बंद. बुडणाऱ्यासाठी जीवरक्षक आत उडी घेतो, त्यालाही घरी पोरंबाळं असतात.

बारमध्ये बसलास की आधी दरपत्रक बघ. पुष्कळ हॉटेलांत छापलेल्या दरावर दहा टक्के सेवाशुल्क आणि सात टक्के कर वेगळा लागतो. साध्या बारमध्ये दर खेपेची चिठ्ठी गुंडाळून तुझ्यासमोरच्या पेल्यात खोचून ठेवतात. ती प्रत्येक वेळी काढून बघ, म्हणजे शेवटी वाद होत नाही. काउंटरवर छोटी पितळी घंटा टांगलेली असते. गंमत म्हणून ती वाजवायची नाही. ती वाजवणं म्हणजे बारमधल्या सगळ्यांना माझ्यातर्फे एकेक पेग, असं जाहीर करणं. घंटा वाजली की पोरी टाळ्या वाजवतात, ग्लास भरले जातात आणि मग बिल बघून वाजवणाऱ्याचा चेहरा उतरतो. बिलात चूक वाटली तर बसल्या जागी, हळू आवाजात दाखव. तिकडे जो ओरडतो त्याचीच अब्रू जाते, मग तो खरा असला तरी. प्रकरण वाढलं तर हातघाईवर येऊ नकोस, ११५५ हा पर्यटक पोलिसांचा नंबर लाव.

बारमध्ये काम करणाऱ्या मुलींशी अदबीने वाग. त्या कामावर असतात. न विचारता हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही, मराठीत आपापसांत टिंगल करायची नाही. भाषा कळली नाही तरी टिंगल कळते. रस्त्यात, किनाऱ्यावर दुसऱ्या देशांच्या बायका त्यांच्या रिवाजाप्रमाणे कपडे घालून असतील, त्यांच्याकडे टक लावून बघू नकोस. २०२४ मध्ये वीस लाखांहून जास्त भारतीय थायलंडला गेले. त्यांतल्या थोड्यांनी केलेल्या आगाऊपणाचं बिल बाकीचे भरतात. तू दारात पाऊल टाकतोस तेव्हा आधीच्याने काय केलं, ते वेटरच्या लक्षात असतं.

काय प्यायचं यातही डोकं वापर. वाळूवरच्या पार्ट्यांत प्लॅस्टिकच्या छोट्या बादलीत रम, कोला आणि एनर्जी ड्रिंक एकत्र करून देतात. एका बादलीत आपल्याकडची क्वार्टर किंवा त्याहून जास्त सहज असते. गोडव्यात ती जाणवत नाही, आणि एनर्जी ड्रिंकमुळे चढलेली कळत नाही. शक्यतो घेऊ नकोस. घेतलीच तर चौघांत एक घे आणि नजरेआड ठेवलेल्या पेल्याला पुन्हा तोंड लावू नकोस. घरगुती दारू आणि फुकट वाटलेले शॉट यांना हातच लावू नकोस. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या लाओसमध्ये वांग व्हिएंगला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक गेले. आपल्या मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं याच विषाने मेली. मिथेनॉलची चव ओळखता येत नाही. कित्येक तासांनी डोळ्यांपुढे अंधुक दिसतं, पोट दुखतं, श्वास जड होतो. अशा वेळी नुसती उतरली नाही असं समजून मित्राला झोपवू नका, ताबडतोब इस्पितळात न्या. रुग्णवाहिकेचा नंबर १६६९. साध्या दारूने कोणी आडवा झाला तरी त्याला कुशीवर वळवून ठेवा आणि एकटं सोडू नका.

स्कूटर भाड्याने घ्यायचा मोह होईल. प्यायल्यावर चावीला हात लावायचा नाही. तिकडे रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आपल्याकडे ३०. ती सैल आहे म्हणून फायदा घेऊ नकोस. काता ते पातोंग हा घाटाचा रस्ता पावसात निसरडा होतो आणि प्यायलेल्याच्या अपघाताचे पैसे विमा कंपन्या सहसा देत नाहीत. पासपोर्टही अनामत म्हणून देऊ नकोस.

फुकेतला पिणं निदान चालतं, म्हणून सगळीकडे चालेल असं धरू नकोस. मालदीवला दारू फक्त रिसॉर्टच्या बेटांवर आणि परवान्याच्या बोटींवर मिळते. वस्तीच्या बेटांवर नाही, आणि बॅगेतली बाटली विमानतळावरच काढून ठेवतात. दुबईत परवाना असलेल्या जागेबाहेर, किनाऱ्यावर किंवा रस्त्यावर पिणं गुन्हा आहे. श्रीलंकेत दर पौर्णिमेला विक्री बंद. तिकीट काढण्याआधी हे विचारून घेत जा.

शेवटी तुमच्या चौघांबद्दल. रोज एकाने कोरडं राहायचं, पाळीपाळीने. त्याच्याकडे हॉटेलचा पत्ता, पैसे आणि सगळ्यांचे फोन. जो पीत नाही त्याला आग्रह करायचा नाही. आग्रह श्रीखंडाच्या पंगतीला शोभतो, दारूच्या टेबलाला नाही. प्रत्येकाने आपली मर्यादा संध्याकाळी शुद्धीवर असताना ठरवावी आणि बाकीच्यांनी ती पाळायला मदत करावी. टेबल सोडताना वेटरला टिप द्या आणि तोंडाने आभारही माना.

ओंकार, मजा करायला जातोस, ती मनसोक्त कर. फक्त तुझ्या मजेचा भार तिथल्या कोणावरही पडू देऊ नकोस, आणि रोज रात्री झोपण्याआधी ताईला एक फोन कर.

तुझा,
मामा