बिअरचा जुगाड की नाचणीचं माल्ट? पातेलं तेच, धंदा वेगळा



गेल्या बॅचमध्ये चाकणला कंपनीत काम करणाऱ्या एका मुलाने विचारलं, "सर, आइसबॉक्स आहे, मोठं पातेलं आहे. घरी बार्लीची बिअर करून मित्रांना विकली तर?" त्याने ४० हजार रुपये बाजूला काढले होते. त्याला जे सांगितलं, तेच आज मापांसकट लिहितोय.

आधी प्रक्रिया समजून घ्या

बार्ली भिजवून मोड आणायचे आणि वाळवायची, की झालं माल्ट. ते भरडून साधारण ६५ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवतात. मोड येताना धान्यात तयार झालेली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. आइसबॉक्स इथे कामाला येतो, कारण त्यात तापमान टिकतं. मग गोड पाणी गाळून, हॉप्स घालून उकळतात, थंड करतात आणि यीस्ट टाकतात. यीस्ट पडेपर्यंत त्यात अल्कोहोल नसतं.

मग अडचण कुठे?

कायद्यात. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे आणि बिअरही त्यात येते. तुरुंगवास आणि दंड, दोन्ही होऊ शकतात. "थोडीच केली, मित्रांनाच दिली" हे चालत नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, ती मायक्रोब्रुअरीचा परवाना घेऊन. तो रस्ता आहे, पण ४० हजारांचा नाही.

म्हणून यीस्टच्या कितीतरी आधी थांबा. माल्टपर्यंतचं काम आपल्या आज्ज्या नाचणीवर करतच आल्यात. ते घरी करता येतं आणि एफएसएसएआयची नोंदणी करून विकताही येतं.

५ किलो नाचणीची बॅच

१. नाचणी निवडा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. खडा राहिला तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

२. १२ तास भिजवा. मध्ये एकदा पाणी बदला.

३. निथळून ओल्या सुती पंच्यात सैल बांधा आणि चाळणीत ठेवा. एक ते दोन दिवसांत मोड येतात. दर ६-७ तासांनी पाणी शिंपडा, हाताने हलवा. आंबट वास आला किंवा बुरशी दिसली, तर पूर्ण बॅच टाकून द्या.

४. कापडावर पातळ पसरून वाळवा. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे.

५. हाताने चोळून मोड काढा, पाखडा. मोड राहिले तर पीठ कडवट लागतं.

६. मंद आचेवर वास सुटेपर्यंतच भाजा. जास्त भाजलं की एन्झाइम्स मरतात. ती शाबूत असतील तर पेज साध्या नाचणीपेक्षा पातळ आणि गोडसर होते.

७. गिरणीत आपल्या आधी गहू दळला असेल, तर पहिलं मूठ-दोन मूठ पीठ वेगळं काढा.

माझी चूक

माझी पहिली बॅच पावसाळ्यात केली होती. चऱ्होलीत चार दिवस ऊन नव्हतं. ऑर्डर द्यायची घाई होती, म्हणून वरून कोरडी दिसणारी नाचणी दळून पॅक केली. दहा दिवसांत पाकिटांत गोळे झाले, वास आला. पैसे परत दिले, पण त्या सोसायटीतून पुढचे सहा महिने एकही ऑर्डर आली नाही. तेव्हापासून नियम एकच: ऊन नाही, तर बॅच नाही. ऑर्डर उशिरा द्या, ओली देऊ नका.

हिशोब

५ किलोतून माझ्याकडे साधारण सव्वाचार किलो पीठ निघतं, म्हणजे पाव किलोची १७ पाकिटं. उदाहरण म्हणून हे आकडे घ्या. तुमच्याकडचे भाव टाकून पुन्हा मांडा:

नाचणी २५० रुपये
दळण ५० रुपये
गॅस ६० रुपये
पाऊच आणि लेबल १०२ रुपये
मजुरी, ४ तास, ३०० रुपये
एकूण ७६२ रुपये

म्हणजे पाकीट जवळपास ४५ रुपयांना पडलं. मजुरी धरली नाही तर तेच २७ ला पडल्यासारखं वाटतं. मग आपण खुशीत ४० ला विकतो आणि रात्री जागून केलेलं काम फुकट जातं. दुकानदाराला ६० ने दिलं, तर बॅचमागे साधारण २५५ रुपये नफा, मजुरी वेगळी.

लेबलवर घटक, वजन, नोंदणी क्रमांक, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत वापरायचं ते आणि एमआरपी हवी. बाळाचा फोटो आणि "बाळ सुदृढ होतं" असले दावे टाकू नका. लहान बाळांच्या आहाराबाबत १९९२ चा वेगळा, कडक कायदा आहे.

त्या मुलाने ४० हजारांतले सध्या फक्त ३ हजार काढलेत. बाकीचे बँकेत आहेत, आणि मला तेच जास्त आवडलं.

गृहपाठ: या आठवड्यात एकच किलो नाचणी घ्या. मोडाच्या आणि साध्या पिठाची सारख्या मापाने पेज करून शेजाऱ्यांना चाखायला द्या. विकायला अजून वेळ आहे. आधी वहीत वेळ आणि खर्च लिहा.