गाडी मागे घेताना ‘टी-टी’ का वाजतं?

सख्यांनो, बँकेत, बाजाराला, मेळाव्याला आपण गाडीने जातो. काही जणींच्या दारात स्वतःची गाडीही आली आहे. गाडी मागे घेताना आतून ‘टी... टी...’ असा आवाज येतो. तो कसा येतो आणि त्यावर किती विसंबायचं, हे समजून घेऊ.

गाडीच्या मागच्या बंपरवर नाण्याएवढ्या गोल टिकल्या दिसतात. हे सेन्सर. ड्रायव्हरने रिव्हर्स गिअर टाकला की ते आवाजाच्या लहरी सोडतात. या लहरी आपल्याला ऐकू येत नाहीत. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो, सेन्सरचा असतो ४० हजारांच्या आसपास. विहिरीत हाक मारली की ती घुमून परत येते ना, तसाच हा आवाज मागच्या भिंतीवर आदळून परत येतो. वटवाघळंही अंधारात अशीच वाट काढतात.

आता हिशोब बघा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. भिंत १ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन २ मीटर. त्याला सेकंदाच्या हजार भागांपैकी सहाच भाग लागतात! एवढ्याशा वेळेवरून यंत्र अंतर काढतं. अंतर कमी होईल तशी टी-टी भरभर वाजते. साधारण फूटभर राहिलं की आवाज सलग होतो. म्हणजे थांबा!

आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत. जुन्या गाडीला, ट्रॅक्टरला ते असतीलच असं नाही.

सेन्सर कुठे फसतो?

• बंपरच्या खाली, चाकाजवळ बसलेलं मूल त्याला कळेलच असं नाही.
• बारीक खांब, तार, दोरी निसटू शकते.
• कापड, गवत अशा मऊ वस्तू आवाज शोषून घेतात.
• टिकलीवर चिखल बसला की तो चुकीचं सांगतो किंवा गप्प बसतो.

म्हणून टी-टी वाजली नाही, म्हणजे मागे कोणी नाही, असं धरू नका. आपल्या अंगणात लेकरं खेळतात, कोंबड्या-करडं फिरतात. गाडी सुरू करण्याआधी एकदा मागून फेरी मारा. लेकरांना कडेवर घ्या किंवा ओट्यावर बसवा. एकीने मागे बाजूला, ड्रायव्हरला दिसेल असं उभं राहून हात दाखवावा. टिकल्या ओल्या फडक्याने पुसा. आणि हे घरातल्या गाडी चालवणाऱ्यांनाही वाचून दाखवा.