खळें रिकामें असतां देवावर भरंवसा

शास्त्रभाग : हबक्कूक, अध्याय १ ते ३.



पीक चांगलें आलें, गोठा भरलेला आहे, घरांत दुखणें नाहीं, अशा वेळीं देवाचे आभार मानणें सोपें आहे. परंतु मृग कोरडा गेला, पेरलेलें बीं मातींतच जळालें, विहिरीचा तळ दिसूं लागला, म्हणजे देव आमचें ऐकतो कीं नाहीं असा प्रश्न मनांत उठतो. कोणी तो उपदेशकापाशीं बोलून दाखवितो, कोणी मनांतच ठेवितो. अशा मनुष्यासाठीं पवित्र शास्त्रांत तीनच अध्यायांचें एक लहान पुस्तक आहे. तें हबक्कूक संदेष्ट्याचें होय.

१. संदेष्ट्यानें आपलें गाऱ्हाणें देवाकडे नेलें.

हबक्कूक हा ख्रिस्तापूर्वीं सुमारें ६०० वर्षें यहूदा देशांत होता. त्या काळीं देशांत न्याय राहिला नव्हता. यहोयाकीम राजानें मजुरांस मजुरी न देतां आपला वाडा बांधिला, असें यिर्मयाच्या २२ व्या अध्यायावरून कळतें. इकडे बाबेलचे खास्दी लोक प्रबळ होत चालले होते. आपल्या आरोळीस उत्तर कां मिळत नाहीं, असें हबक्कूकानें देवासच विचारलें. देवानें सांगितलें कीं, ह्या देशास शिक्षा करण्याकरितां खास्दीच येतील. हें उत्तर ऐकून त्याचें दुःख अधिकच वाढलें. तरी तो दुसऱ्या देवाकडे गेला नाहीं. नवा प्रश्न घेऊन पुनः त्याच देवाकडे आला.

ह्यावरून उपदेशकांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, देवापाशीं केलेलें गाऱ्हाणें म्हणजे अविश्वास नव्हे. गांजलेला बंधु असा प्रश्न घेऊन आला, तर त्यास धमकावूं नये, आणि "तुझ्या पापामुळें हें झालें," असेंही म्हणूं नये. ईयोबाच्या मित्रांनीं तसें म्हटलें, आणि देवाचा कोप त्यांच्यावरच झाला.

२. त्यानें वाट पाहिली.

आपल्याकडे राखणदार रात्रभर माळ्यावर बसून राहतो, तसा हबक्कूक आपल्या पहाऱ्याच्या जागीं उभा राहिला. तेव्हां देवानें त्यास सांगितलें कीं, नीतिमान मनुष्य विश्वासानें जगेल. हें वचन नव्या करारांत तीन ठिकाणीं आलें आहे : रोम १:१७, गलती ३:११ व इब्री १०:३८.

येथें "विश्वास" ह्यासाठीं मूळ इब्री भाषेंत "एमूना" हा शब्द आहे. त्याचा अर्थ स्थिरपणा, न ढळणें असाही होतो. अमालेकाशीं लढाई चालली असतां मोशेचे हात सूर्य मावळेपर्यंत स्थिर राहिले, असें निर्गम १७:१२ येथें सांगितलें आहे. तेथेंही हाच शब्द आहे. पण मोशेचे हात आपोआप स्थिर राहिले काय? नाहीं. ते जड झाले, तेव्हां एका बाजूनें अहरोनानें व दुसऱ्या बाजूनें हूरानें ते धरिले. तर विश्वासांत टिकणें हें एकट्याचें काम नव्हे. ज्याचा हात खालीं येऊं लागला आहे, त्याचा हात मंडळीनें धरावा.

३. त्यानें तोटा लपविला नाहीं, तरी आनंद केला.

तिसऱ्या अध्यायाच्या शेवटीं हबक्कूक सहा गोष्टींचीं नांवें घेतो : अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढरें व गुरें. जैतुनाच्या तेलावर त्या लोकांचें जेवण व दिवा चालत असे. म्हणजे ताटांतील गोड गेलें, दिव्याचें तेल गेलें, भाकर गेली, आणि गोठाही ओस पडला. हें सर्व झालें तरी मी परमेश्वराच्या ठायीं उल्लास करीन, असा त्याचा निश्चय आहे. पुढच्या वर्षीं पीक येईल म्हणून त्याचा आनंद नाहीं. देव आहे म्हणून आहे. आणि हें गीत त्यानें वाद्यांवर गाण्याकरितां दिलें. म्हणजे तें सर्व मंडळीनें मिळून गावयाचें होतें.

४. आमची परीक्षा.

१८७६ ते १८७८ ह्या वर्षांत दख्खनेंत मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर अहमदनगर जिल्ह्यांत पुष्कळांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां हे पोटासाठीं ख्रिस्ती झाले असें लोक म्हणूं लागले. ह्या बोलण्याला तोंडानें उत्तर देतां येत नाहीं. पोट रिकामें असतांही जो प्रभूला सोडीत नाहीं, त्याचें जिणेंच त्याचें उत्तर आहे. पुढें १८९६ व १८९९ सालींही पाऊस गेला, तरी त्या मंडळ्यांपैकीं कित्येक आजही उभ्या आहेत.

विश्वास म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणें असें मात्र कोणी समजूं नये. १९७२ सालच्या दुष्काळांत खेड्यापाड्यांतील लोकांनीं खडी फोडिली, पाझर तलाव खणिले व मिलोच्या भाकरी खाऊन दिवस काढिले. कष्ट करणें व भरंवसा ठेवणें ह्यांत विरोध नाहीं.

"तुम्हीं देवी सोडली म्हणून पाऊस गेला," असें गांवांत कोणी म्हणेल. तेव्हां भांडण करूं नये. विहिरीचा गाळ काढण्यास आपण सर्वांच्या आधीं जावें, आपल्या विहिरीचें पाणी शेजाऱ्यास द्यावें. परंतु बकऱ्याच्या नवसांत वांटा घेऊं नये. पाणी देणारा हात आणि नवसापासून आवरलेला हात हा एकाच विश्वासाचा हात आहे, हें गांवास हळूहळू कळेल.

हबक्कूकाचें संकट टळलें नाहीं. ख्रि. पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडलें व मंदिर जळालें. तरी देवानें आपल्या लोकांस टाकिलें नाहीं. त्याच लोकांत पुढें आपला तारणारा जन्मास आला, आणि तोही वधस्तंभ न टाळतां त्यावरून पार गेला. आपण त्याचे आहों. म्हणून खळें रिकामें असलें तरी प्रार्थनेची जागा रिकामी ठेवूं नये.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न

१. गाऱ्हाणें देवाकडे नेणें व देवास सोडून जाणें, ह्यांत भेद काय?
२. आपल्या मंडळींत आज कोणाचे हात जड झाले आहेत? ह्या आठवड्यांत त्याच्या घरीं कोण जाईल?
३. हबक्कूकाच्या सहा गोष्टींच्या जागीं आपल्या गांवच्या कोणत्या सहा गोष्टी येतील? त्यांचीं नांवें घेऊन प्रार्थना करा.