आम्ल, अल्क आणि चिमूटभर हळद

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील कोहिनूरसारख्या गावी रसायनशास्त्राचे साहित्य शोधण्यास दूर जावे लागत नाही. पानाच्या चंचीतील चुना हा तीव्र अल्क होय. संडास घासण्यासाठी दुकानातून आणलेल्या बाटलीत बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. अल्काची ओळख पटविणारा दर्शक म्हणजे घरची हळद. अल्काच्या स्पर्शाने ती लाल होते. हळदीपासून कुंकू बनते ते याच गुणामुळे.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज दाखविता येईल. चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवावा व वरची स्वच्छ निवळी काढून घ्यावी. तीत चिमूटभर हळद टाकताच तांबूस रंग येतो. मग शाळेतील विरल हायड्रोक्लोरिक आम्ल शिक्षकांनी स्वतः थेंबाथेंबाने सोडीत ढवळावे. बराच वेळ रंग टिकून राहतो आणि अखेर एका थेंबासरशी पिवळा होतो. आम्ल व अल्क परस्परांत संपून कॅल्शियम क्लोराइड हा क्षार व पाणी उरते. यालाच उदासिनीकरण म्हणतात. मात्र हळद आम्लातही पिवळीच राहते. आम्ल अधिक पडले काय, हे निळ्या लिटमसने पाहावे.

या क्रियेत प्रमाण काटेकोर असते. 40 ग्रॅम कॉस्टिक सोड्यास 36.5 ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड लागते, त्यातून 58.5 ग्रॅम मीठ व 18 ग्रॅम पाणी बनते. विरल द्रावणांत त्याच वेळी सुमारे 57 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एक लिटर पाणी 13 ते 14 अंशांनी तापविण्यास ती पुरेशी आहे. हायड्रोक्लोरिकऐवजी नायट्रिक आम्ल घेतले तरी आकडा जवळजवळ तोच येतो. कारण खरा संयोग हायड्रोजन व हायड्रॉक्साइड या आयनांचाच असतो. स्वीडनचे अऱ्हेनियस यांच्या 1887 मधील आयन-सिद्धांताने हे कोडे उलगडले.

ही उष्णता ध्यानी न घेतल्यास अनर्थ ओढवतो. अंगावर आम्ल सांडले की चुना लावावा, डोळ्यात चुना गेला की लिंबू पिळावे, असा सल्ला देणारे भेटतात. कागदावर हा हिशेब जुळतो. परंतु भाजलेल्या कातडीवर प्रमाण मोजणार कोण? उष्णतेने जखम वाढते आणि उरलेला चुना पुन्हा नव्याने भाजतो. अशा वेळी भिजलेले कपडे काढून वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान 20 मिनिटे धुवावे. डोळ्यात चुना गेल्यास पापणी उघडी धरून, आतील कण वाहून जातील असे पाणी सोडीत राहावे व विनाविलंब रुग्णालय गाठावे. चुन्याची पुडी लहान मुलांच्या हाती पडू देऊ नये.