नातीचं बोट धरून

मंडळी, तुम्हांला आता वाचता येऊ लागलं. मग घरातल्या लहानग्यालाही लवकर यावं, असं वाटतंच. माझा मुलगाही परवा म्हणाला, "अण्णा, चिमीला अजून 'अ' येत नाही. तुम्ही नुसतं फिरवता तिला."

चिमी माझी नात. अडीच वर्षांची. आमची विहीर घरापासून पाच मिनिटांच्या वाटेवर आहे. चिमीबरोबर गेलो, तर पाऊण तास लागला.

पंधरा पावलं झाली नाहीत, तोच ती खाली बसली. ओल्या मातीतून मृगाचा किडा चालला होता. लाल मखमलीचा तुकडाच जणू! पहिला पाऊस पडला की हे किडे जमिनीतून वर येतात. मी म्हणालो, "चल, उशीर होतो." कशाला उशीर होत होता, कोण जाणे. ती उठेना. मग मीही बसलो.

"पाय," ती म्हणाली. बोटानं मोजू लागली. "एक, दोन, पाच!" तिला एवढंच येतं. मग मी मोजले. आठ भरले. मुंगीला, माशीला सहा पाय असतात. आठ पायांचा हा जीव कोळ्याच्या भाऊबंदांतला. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हे पाय मी कधी मोजले नव्हते.

पुढं बांधावर वाणी दिसला. त्याच्या अंगातून कधी कधी रस निघतो, कातडीची आग होते. म्हणून चिमीच्या हातात काडी दिली. काडी लागताच वाणी पैशासारखा गोल झाला. चिमी गप्प बसली. बऱ्याच वेळानं तो उलगडला. तिनं पुन्हा काडी लावली. पुन्हा गोल! असं तीनदा झालं. हात लावला की गुंडाळतो, गप्प बसलं की उलगडतो, हे तिचं तिला कळलं. मी एक शब्द बोललो नाही. मास्तराला हे फार जड जातं बरं!

विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे आहेत. आपण सुगरण म्हणतो खरं, पण खोपा विणायला घेतो तो नर. अर्धा झाला की मादी येऊन बघते. पसंत नसला तर खोपा तसाच अर्धवट राहतो. असा एक होता. "टोपी," चिमी म्हणाली.

विहिरीपाशी मात्र मी तिचा हात सोडत नाही. दगड उचलू देत नाही, खाली विंचू असतो. रुईचं पान तोडू देत नाही, तिचा चीक डोळ्याला घातक.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली. तिथं पानं, बिया, शिंपले हीच खेळणी. त्यांचं काम मला नोकरीत असतानाच ठाऊक होतं. तरी चिमीचा बाप एवढासा होता, तेव्हा मी त्याला पाटीपुढं बसवी. तो दाराबाहेर बघे आणि मी कान धरी. आज तो बोलतो ते माझंच बोलणं आहे. त्याला काय म्हणू?

संध्याकाळी तो शेतावरून आला. चिमी त्याच्यापुढं जमिनीवर अंग गुंडाळून पडली.

"बाबा, गप बस," ती म्हणाली.

तो बसला. बराच वेळ बसला. मग ती हळूहळू उलगडली आणि हसली.

"अण्णा, हे काय?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "तिलाच विचार."