तापातील भ्रम : विकार मनाचा नव्हे, मेंदूचा

मनोविकाराची लक्षणे दिसली म्हणजे मूळ विकार मनाचाच असतो, असे नाही. हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर हे याचे ठळक उदाहरण होय. हा विषाणू पुष्कळांच्या शरीरात सुप्तावस्थेत असतो. ओठांवर उठणारे बारीक फोड बहुधा त्याचेच. क्वचित तो मेंदूत शिरतो आणि कानशिलांच्या आतील भागाला सूज आणतो. स्मृती, भावना व गंधज्ञान यांची केंद्रे तेथेच असल्याने रुग्ण असंबद्ध बोलतो, घरची माणसे ओळखत नाही, नसलेले वास त्याला येतात. सोबत बहुधा ताप, डोकेदुखी किंवा आकडी असते.

अशा वेळी ‘बाधा झाली’ असे समजून रुग्णास देवऋषीकडे नेल्यास मोलाचे तास वाया जातात. उपचाराविना सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. १९८० च्या दशकापासून वापरात आलेले असायक्लोव्हिर हे औषध शिरेतून वेळीच दिल्यास हे प्रमाण २० ते ३० टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणून तापात वागणूक एकाएकी पालटल्यास रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात हलविणे आवश्यक ठरते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही एवढी खूण घरोघरी पोहोचवावी.